अकरा ठशांची जाजम

इंदूबाई रंगारीनं मला तीन वर्षांत एकदाही शाबास म्हटलं नाही. फार खूश झाली तर म्हणायची, "बरं हाय, पुसून टाक." आणि खूश नसली तर काहीच म्हणायची नाही, सरळ हातातला ठसा काढून घ्यायची. आपलं कुठं चुकलं ते ज्याचं त्यानं शोधायचं. मला पहिले सहा महिने असा काही राग यायचा, की तो घरी जाऊन आईवर निघायचा. आता वाटतं, इतक्या प्रामाणिकपणे माझ्यावर नाराज राहणारं माणूस पुन्हा मिळेल का? कशाचं मिळतं! ऑफिसात सगळे "छान मॅडम, छान" म्हणतात आणि काय छान आहे ते कुणी पाहिलेलंही नसतं.

मेहकरला बाजाराच्या मागं बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये मुलींसाठी कापड छपाईचा वर्ग निघाला होता. सरकारी योजनेचं नाव मोठं लांबलचक होतं. माझे बाबा शाळामास्तर. त्यांना वाटलं, पोरगी बारावी होऊन घरी बसण्यापेक्षा कॉम्प्युटरवर डिझाइन शिकेल. शेडमध्ये कॉम्प्युटर होताही, प्लास्टिकच्या कव्हराखाली, आणि त्या कव्हरावर इंदूबाई ओले ठसे वाळत घालायची. आम्ही बारा मुली होतो. बाई तेव्हाच साठीच्या घरातली, बुटकी, काटक, नखं कायमची किरमिजी. उजव्या तळहाताच्या कडेला एक टणक गाठ होती. त्या गाठीनं ती ठशाच्या पाठीवर मारायची, एकदाच. दोनदा मारणाऱ्या मुलीला लगेच ऐकू यायचं, "दार वाजवून राह्यली का वं? आतून कोनी येनार नाई."

पहिले तीन आठवडे तिनं आम्हाला रंग दाखवलाच नाही. ठसा पाण्यात बुडवायचा आणि कोरड्या फरशीवर उमटवायचा. ओळीनं, एकाला एक लावून. उन्हाळ्याचे दिवस. पाचवा ठसा मारेपर्यंत पहिला वाळून गेलेला असायचा. म्हणजे आपण काय केलं ते पाहायला काही शिल्लकच नाही! मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, हे दिसतच नाही, तर शिकायचं काय?" ती म्हणाली, "तुह्या हाताले दिसते ना? मंग झालं. डोये मंग शिकतीन."

बीबी गावची रुख्मा आमच्यात सगळ्यात चुणचुणीत. तिनं विचारलं, "बाई, डिझाइन म्हंजे नेमकं काय वं?" योजनेच्या पुस्तकात या प्रश्नाला दोन पानं उत्तर होतं. बाईनं फरशीवर पाण्याचे दोन ठसे मारले, मधे चार बोटं जागा सोडली आणि त्या कोरड्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "हे. जे रिकामं राह्यलं ना, ते." पुढचं बोलायच्या आत ठसे वाळले.

या सगळ्याच्या मुळाशी एक जाजम होती. लग्नाला, पंगतीला, भजनाला अंथरायचं ते जाड छापील कापड. बाईच्या घराण्यात अकरा ठशांची एक जाजम चालत आलेली होती. काठ, कोपरा, वेल, कोयरी, हत्ती, असं करत करत मधोमध एक मोठं फूल, त्याला ती चक्री म्हणायची. अकरा शिसवी ठसे एका पत्र्याच्या पेटीत, तेल पाजून, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. छापलेली जाजम मात्र एकही उरलेली नव्हती. जाजम लोकांच्या बुडाखाली झिजूनच संपायची, आणि नवीन कुणी मागत नव्हतं. मंडपवाले हिरव्या चटया आणून टाकतात, काम भागतं. तेव्हा ती जाजम जगात दोनच ठिकाणी होती: त्या पेटीत आणि इंदूबाईच्या डोक्यात. कोणता ठसा कुठं बसतो, किती जागा सोडून, कोणाचं तोंड कुणीकडं, हे पेटीला माहीत नव्हतं. ते फक्त बाईला माहीत होतं.

आणि ती ते कागदावर उतरवू देत नव्हती! फोटोचं तर नावच काढायचं नाही. "कागदावर घेतलं की त्याले पाय फुटतात," म्हणायची. तिला तसा अनुभवच होता. तिच्या वडलांकडून कुणीतरी गोड बोलून काठाचा नमुना उतरवून नेला होता. पुढं काही वर्षांनी तोच काठ तिनं आठवडी बाजारात नायलॉनच्या चादरीवर पाहिला. वेल तोडलेली, कोयऱ्या उलट्या. बाईनं ती चादर विकत घेतली आणि शेडमध्ये पाय पुसायला टाकली. आम्ही रोज तिच्यावर पाय पुसून आत जायचो.

तिची शिस्त अशी, की हात बसला की एक ठसा मिळायचा. मग दुसरा. ज्या दिवशी अकरावा मिळेल त्या दिवशी ती मांडणी सांगणार. त्याआधी नाही. बाराजणींत कुणाला दोन मिळाले, कुणाला तीन. मला सात मिळाले.

एकदा ती आम्हाला लोणारला घेऊन गेली, देवळातल्या मूर्ती दाखवायला. एसटीत मांडीवर पंच्यात गुंडाळलेली चक्री. देवळापाशी पोचल्यावर म्हणाली, "आधी पाया पडा. पडल्या? आता तोंड पाहू नका, नेसन पाहा." आणि खरंच, बाहेरच्या भिंतीवरच्या त्या दगडी बायांच्या कमरेच्या वस्त्रावर चौकडी कोरलेली होती, चौकडीत फुलं, काठाला वेल. आम्ही बारा पोरी माना वर करून एकेका मूर्तीच्या कमरेकडं टक लावून उभ्या. दर्शनाला आलेल्या एका काकांना ते काही बरं वाटलं नाही. "काय पाहून राह्यल्या ह्या पोरी?" त्यांनी दरडावून विचारलं. बाई म्हणाली, "लुगडं पाहून राह्यल्या, दादा. तुमी काय पाहाले आले?" काका जे गेले ते पुन्हा दिसले नाहीत.

मग तिनं चक्री बाहेर काढली आणि एका दगडी फुलाजवळ धरली. रखवालदार ओरडला, मूर्तीला हात लावू नका. "हात नाई लावून राह्यली बापा, माप पाहून राह्यली." दगडातल्या फुलाला आठ पाकळ्या. चक्रीला सात. बाकी घडण तीच, पाकळीच्या टोकाची मुरडसुद्धा तीच. बाई उन्हात उभी राहून तीनतीनदा मोजत राहिली. "माह्या आजीच्या आजीनं इथंच पाह्यलं असन," ती म्हणाली, "आन मोजाले चुकली असन." मी उत्साहानं म्हटलं, "मग आपण आठ करू या ना!" तिनं चक्री पुन्हा पंच्यात गुंडाळली. "चुकली म्हून तर आपलं झालं वं. सातच." परतीच्या गाडीत तिनं चक्री मांडीवरून खाली ठेवली नाही. खूश होती, मला कळत होतं.

दुसरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. रुख्माच्या हातून एकदा वेलीचा जुना ठसा पडला आणि उभा चिरला; पेटीतला नव्हे, त्याच्या आधीचा, झिजल्यावर सरावाला ठेवलेला. रुख्मा चहा ठेवत होती, तिनं तो उचलून चुलीशी नेला, सरपण म्हणून. बाई धावली. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "ज्यानं एवढ्या लोकायले बसाले जागा देली त्याले जाळता काय वं?" मग काम बंद करून आम्हा सगळ्यांना पैनगंगेवर नेलं. ठशाला हळदकुंकू वाहिलं आणि पाण्यात सोडला. "आपलं काम सरलं की असं जाव लागते," ती म्हणाली. रुख्माला हसू आवरेना. मला मात्र ते फार आवडलं. आमच्याकडं देव्हाऱ्यातली भंगलेली मूर्तीही अशीच नदीत थंड करतात, तसंच हे. मी ते मनात अगदी जपून ठेवलं. नसतं ठेवलं तर बरं झालं असतं.

वर्ग तीन वर्षांत बंद पडला. योजना संपली, शेडला कुलूप. मी मात्र बाईच्या घरी जात राहिले, म्हणून तर सात ठसे झाले. त्याच सुमारास मला मोताळ्याला शाळेत कारकुनाची नोकरी लागली. पेढे घेऊन गेले. पेढा तोंडात टाकून बाई म्हणाली, "जा. नोकरी सोडू नोको. पन चार राह्यले."

"सुट्टीत येते ना, बाई."

"एक म्हैना पाह्यजे. हात बसाले."

एक महिना! मी दर दिवाळीला जायचे, लाडू द्यायचे, तिच्या हातचा काळा चहा प्यायचे, आणि निघताना ती तेच म्हणायची. एका वर्षी माझं लग्न, मग बाळंतपण, मग बदलीची धास्ती, मग सासूबाईंचं गुडघ्याचं. कारणं खोटी एकही नव्हती. पण मधल्या काळात मी सात दिवस गोव्याला जाऊन आले, दोनदा. ते कुणी काढलं नाही, मीच काढते.

मधे पुण्याहून एक मुलगा आला होता, डिझाइनच्या कॉलेजातला. चांगला होता बिचारा, नम्र. जुने नमुने जमवत फिरत होता. बाईनं त्याला दिवसभर फरशीवर पाण्याचे ठसे मारायला लावले. संध्याकाळी त्यानं सुजलेलं मनगट चोळत विचारलं, "आजी, आता फोटो काढू?" बाई म्हणाली, "उद्या ये." तो चार दिवस आला आणि पाचव्या दिवशी आला नाही. मी त्या दिवाळीला तिला म्हटलं, "बाई, काढू द्यायचा होता एक फोटो. तुमच्यामागं काय राहणार?" तर म्हणाली, "तू हायेस ना." माझ्या पर्समध्ये तेव्हा चांगला कॅमेऱ्याचा फोन होता. पेटी समोर उघडी होती. बाई चहा आणायला आत गेली होती. अकरा ठसे ओळीनं मांडून एक फोटो, दोन मिनिटांचं काम. मी आज्ञाधारक विद्यार्थिनी ना! नाही काढला. आग लागो त्या आज्ञाधारकपणाला.

गेल्या भाद्रपदात, दुपारी, मी शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज लावत बसले होते. विलासचा फोन आला. विलास म्हणजे बाईचा भाचा, तिच्याच घरी राहणारा, भाजीचं दुकान आहे. "ताई, आत्याले बुलढाण्याले आनलं. अंगावरून वारं गेलं. डॉक्टर म्हंतात, आता आपल्या हातात काई नाई."  तो पुढं म्हणाला, "चार दिवस झाले ताई. जीव जाऊन नाई राह्यला. लय हाल होऊन राह्यले. आई म्हंते, तिचा जीव त्या पेटीत अडकला. काय करू पेटीचं? तुमीच सांगा. तुमच्यावरच भरवसा होता तिचा."

आमच्याकडं हे सगळेच मानतात. माणूस सुटत नसेल तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय, ती गोष्ट मार्गी लावावी, म्हणजे तो सुखानं जातो. मी बी.ए. झालेली बाई, पण मीही मानते. मानत होते. मला नदीकाठची बाई आठवली, हळदकुंकू आठवलं. मी रडत रडत म्हटलं, "विलास, नदीत सोड. हळदकुंकू वाहून एकेक सोड. तिचं तसंच होतं." आणि फोन ठेवल्यावर मला वाटलं, की आपण फार समजूतदार, फार मोठं काहीतरी बोललो. बाईला आपल्याइतकं कुणीच ओळखत नाही असंही वाटलं. हे लिहिताना आज कानशिलं गरम होताहेत.

विलासनं त्याच संध्याकाळी पुलावरून ठसे सोडले. पैनगंगा दुथडी भरून वाहत होती.

दोन दिवसांनी इंदूबाईनं डोळे उघडले.

घरात आनंदीआनंद. विलासच्या आईनं शेजारीपाजारी सांगितलं, पेटी सोडली म्हणून जीव सुटला आणि परत आला. मी फोनवर ते ऐकलं आणि रडायला लागले. विलासला वाटलं, मला आनंदानं रडू येतंय. रविवारी मी मेहकरला गेले. विलासला घेऊन नदीच्या काठाकाठानं पार खालच्या बंधाऱ्यापर्यंत चालले. पुढच्या रविवारी पुन्हा. चपला सापडल्या, नारळ सापडले, गणपतीचा एक रंग उडालेला हात सापडला. ठसा एकही नाही. विलास बिचारा मलाच समजावत होता, "जाऊ द्या ना ताई, आत्या वाचली, लाकडाचं काय एवढं!" त्याचं काय चुकलं होतं? त्यानं मला विचारूनच केलं होतं.

मग मला सरावाचे तुकडे आठवले. वर्गात आम्ही मांजरपाटाच्या तुकड्यांवर जे छापलं होतं, ते प्रत्येकीनं घरी नेलं होतं. सातच ठशांचे, पण सात तर सात! बाईपुढं ते मांडायचे, ती मांडणी दाखवेल, राहिलेल्या चारांच्या जागा तरी कळतील. वाचा गेलीय, पण डोकं असेल, डावा हात आहे. मी एकेकीला फोन लावले. माझे स्वतःचे तुकडे आईनं केव्हाच गॅसची शेगडी पुसायला काढले होते. बीबीला रुख्माकडं गेले. तिच्या मुलाच्या दुपट्याला अस्तर म्हणून काठ आणि कोयरी सापडली. ती दुपटं उसवता उसवता रडायला लागली. हिवरा आश्रमला वर्गातल्या दुसऱ्या एकीकडं कोपरा आणि वेल मिळाली, धान्याच्या डब्याच्या तळाशी. हत्ती माझ्याच एका जुन्या पिशवीवर होता. पाच झाले. दोन नाहीत ते नाहीतच. चक्री मी स्वतः काढून पाहिली, रात्रंदिवस हातात पाहिलेली वस्तू. पाकळ्या सात येतात. आतलं जाळीकाम येत नाही.

मार्गशीर्षात, दुपारी, मी पाच तुकडे घेऊन तिच्या घरी गेले. इंदूबाई खाटेवर तक्क्याला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मला पाहून तोंड वाकडं करून हसली. तिला आता एकच शब्द येत होता, हाव, म्हणजे हो. कसं वाटतंय, हाव. चहा घेणार, हाव. नको ना, हाव. ठसे गेल्याचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी खाटेवर पांढरी चादर अंथरली आणि तुकडे तिच्यापुढं ठेवले. "बाई, हे आपले. मांडून दाखवा. कोण कुठं बसतो ते." तिनं एकेक तुकडा डाव्या हातानं उचलला, डोळ्यांजवळ नेला, पालथा करून पाहिला. ओळखले! तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.  मी वही उघडून पेन्सिल धरून तयार. तिनं हत्ती ठेवला. त्याच्या अंगावर अर्धा काठ ठेवला. कोयरी कडेला सरकवली, वेल आडवी टाकली. आणि कोपरा घेऊन, फार काळजीपूर्वक, दोनदा नीट करून, चादरीच्या बरोबर मधोमध ठेवला.

कोपरा! मधोमध! मी थांबले. आता ती स्वतःच चिडेल, उचलेल, माझ्या अंगावर फेकेल. तिनं तो तळव्यानं सपाट केला आणि माझ्याकडं पाहिलं. आम्ही पोरी काम झाल्यावर तिच्याकडं पाहायचो, तसं. तिचं काही चुकलंय याचा तिला पत्ताच नव्हता. ठसे नदीनं नेले होते, आणि डोक्यातलं या झटक्यानं. दोन्ही ठिकाणांहून गेली जाजम. मी म्हटलं, "बरोबर हाय, बाई." वही मिटली.

तेवढ्यात तिनं डावा हात माझ्यापुढं केला, तळवा वर. नजर चादरीवरच. छापणारा माणूस कामातून मान वर काढत नाही, नुसता हात पुढं करतो आणि शेजारी बसलेल्यानं पुढचा ठसा द्यायचा असतो. ती सहावा मागत होती.

मला मग राहवलं नाही. "बाई, ठसे नाहीत आता. नदीत सोडले. विलासनं नाही, मी सांगितलं सोडायला. मला वाटलं तुम्ही चालल्या. मी सांगितलं, बाई, मी."

"हाव," इंदूबाई म्हणाली, आणि हात तसाच पुढं धरून बसली.